सुरवायाचा मठ बघायचा तर राहत्या घरासारखा बघा

शिवपुरी सोडून झांशीच्या रस्त्याला लागलं की साधारण वीस किलोमीटरवर सुरवाया येतं. ग्वाल्हेरहून ओरछ्याला जाणारी माणसं दतियाचा सरळ रस्ता धरतात, त्यामुळे ग्वाल्हेर शहराच्या लश्कर भागातल्या आपल्या मराठी कुटुंबांच्या वाटेत हे गाव कधी पडतच नाही. मुद्दाम जावं लागतं. माझं म्हणणं, मुद्दाम जा आणि पूर्ण दिवस काढून जा. हजार वर्षांपूर्वी शैव आचार्य आणि त्यांचे शिष्य जिथे राहत, शिकत, शिकवत, तो दगडी मठ तिथे अजून उभा आहे. देवळं आपल्याकडे पावलोपावली आहेत. त्या काळातलं राहतं घर, ज्याच्या ओसरीत तुम्ही आज बसू शकता, असं फार थोडं उरलं आहे.

मी लश्करात मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका होते. नोकरीचं सगळं आयुष्य त्यात गेलं. त्यामुळे कुठलीही जुनी वास्तू बघताना माझी नजर आधी पाण्याकडे जाते, मग जिन्याकडे, मग दारांकडे. खूप माणसं एका छपराखाली नांदवायची तर या तीन गोष्टी नीट लागतात, बाकीचं मागाहून जमतं. सुरवायाबद्दल जे लिहिते आहे ते या नजरेने लिहिते आहे. मूर्तिशास्त्राची जाणकार व्यक्ती वेगळं लिहील आणि तेही वाचायला मला आवडेल.

आम्ही पौषात गेलो. भाऊ, वहिनी, गाडी चालवायला भाचा आणि मी. थंडीत आपल्याकडे सकाळी धुकं किती उतरतं ते ठाऊक आहेच, म्हणून नऊच्या आधी निघू नका. मोहना ओलांडेपर्यंत ऊन चांगलं पडतं. शिवपुरीला मराठी घरातली माणसं जातात ती शिंदे राजघराण्याच्या छत्र्यांसाठी, म्हणजे स्मारकांसाठी. सख्याराजे आणि माधवमहाराज यांच्या छत्र्या समोरासमोर आहेत, आणि एकदा तिथल्या संगमरवरात रमलं की दुपार कधी होते कळत नाही. भावाला वाटत होतं आधी त्या बघाव्यात. मी म्हटलं, आधी सुरवाया, परतीच्या वाटेवर छत्र्या. हा क्रम मी सगळ्यांना सुचवेन. छत्र्यांचा झगमगाट डोळ्यांत असताना मठाचा उघडा दगड पाहिला तर तो रुक्ष वाटतो. आधी तो पाहिला तर मन त्याला पुरेसा वेळ देतं.

गावाजवळ पोचल्यावर आधी दिसते ती गढी. बाहेरची तटबंदी आणि खंदक नंतरच्या काळातले, आतली देवळं आणि मठ त्यांहून पुष्कळ जुने, साधारण दहाव्या-अकराव्या शतकातले. नंतरच्या कोणा सत्ताधीशाला ही जागा लष्करी उपयोगाची वाटली आणि त्याने तपस्व्यांच्या घराला तट घातला. हे समजून आत गेलात तर गोंधळ होत नाही. नाहीतर दारातला बुरूज बघून मुलं तोफा शोधायला लागतात, आणि आत त्यांची निराशा होते. आत तीन देवळं आहेत, एक पायऱ्यांची बावडी आहे आणि दुमजली मठ आहे.

देवळांबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे जाणारा प्रत्येक माणूस ती बघतोच. शिखरं उरलेली नाहीत, त्यामुळे लांबून ती बुटकी दिसतात. जवळ जाऊन मंडपात उभं राहायचं आणि वर बघायचं. छताचं कोरीवकाम असं आहे की मान दुखेपर्यंत बघावं. द्वारशाखा, म्हणजे दारांच्या कोरीव चौकटी, याही निवांत बघण्यासारख्या आहेत. भाच्याने मोबाइलवर पुष्कळ फोटो काढले आणि ते चांगले आलेही, पण छताचा फोटो काढताना दिवा वापरू नका. बाहेरून तिरका येणारा उजेडच नक्षीची खोली दाखवतो, दिव्याने सगळं सपाट होतं.

मग मठाकडे वळलो, आणि भाचा म्हणाला, "आत्या, इथे तर एकही मूर्ती नाही. काय बघायचं?"

मी म्हटलं, "झोपायची जागा शोध. मग अभ्यासाची. मग पाणी कुठून आणत असतील ते सांग."

पोरगा खरंच शोधायला लागला. मठाची गंमत इथेच आहे. देवळं घडवणाऱ्या कारागिरांना नक्षी येत होती हे दहा पावलांवर दिसतं आहे. तरी राहत्या घराच्या भिंती त्यांनी जवळजवळ कोऱ्या ठेवल्या. घडीव दगड, जाड खांब, वर दगडाच्याच लांब फरश्यांचं छप्पर. मधे अंगण, भोवती खांबांच्या ओसऱ्या, ओसऱ्यांमागे खोल्या. उजेड आणि वारा दोन्ही अंगणातूनच आत येतात. बाहेरच्या बाजूला भिंत बहुतेक बंद. वसतिगृह चालवलेल्या कुणालाही हा नकाशा लगेच पटेल. सगळ्या खोल्यांची तोंडं एकाच अंगणाकडे असली की कोण आलं, कोण गेलं, कोण आजारी आहे, कोण सकाळपासून बाहेरच आलं नाही, हे एका जागी बसलेल्या माणसाला कळतं. आणि तरी प्रत्येकाला आपापला कोपरा मिळतो. आमच्या वसतिगृहाची इमारत लांब बोळाची होती. बोळाच्या टोकाला काय चाललं आहे ते कळायला मला दिवसातून किती खेपा घालाव्या लागत, ते माझे गुडघे सांगतील. या अंगणात उभं राहिल्यावर वाटलं, ज्याने हे घर आखलं त्याला माणसं सांभाळण्याचं काम आतून ठाऊक होतं.

खोल्यांमध्ये अंधार आहे. आत शिरल्यावर जरा थांबा, डोळे सरावू द्या. बाहेर ऊन असताना आतला दगड गार लागतो, आणि आपल्या भागात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो हे लक्षात घेतलं की बंद भिंतींचं कारण कळतं. हिवाळ्यात मात्र त्या खोल्यांत रात्र काढणं सोपं नसणार. वहिनींनी आत येताक्षणी विचारलं, "वन्सं, चूल कुठे असेल हो?" आम्ही दोघींनी पुष्कळ हिंडून बघितलं. मला वाटतं, रोजचा स्वयंपाक बाहेरच्या बाजूला लाकूड-मातीच्या पडवीत होत असेल. धुराचं काम राहत्या खोल्यांपासून दूर ठेवायची अक्कल इतकी नेटकी इमारत बांधणाऱ्यांना नक्की होती.

बावडी मला सगळ्यांत आवडली. पाणी आवाराच्या आतच. उतरायला पायऱ्या आहेत, पण मुलं बरोबर असतील तर हात धरून ठेवा आणि काठावर बसून फोटो काढू देऊ नका. इथे राहणाऱ्या शैव आचार्यांच्या परंपरेला पाण्याचं मोल किती होतं याचा पुरावा दूर सिधी जिल्ह्यात चंद्रेहे इथे आहे. तिथल्या मठात कलचुरी संवत ७२४ चा, म्हणजे इ.स. ९७३ चा शिलालेख आहे. प्रबोधशिव नावाच्या आचार्याने मठ बांधला, आणि त्याबरोबर तलाव, विहीर आणि डोंगर फोडून केलेली वाट यांचंही श्रेय तो लेख त्याला देतो. ध्यानधारणा करणारा माणूस डोंगरातून रस्ता काढतो आणि विहीर खणवतो, हे वाचल्यापासून या लोकांबद्दल माझ्या मनात फार आदर आहे.

हे लोक कोण, ते थोडं सांगायला हवं, कारण तिथे उभं राहून ते सहज कळत नाही. शैव सिद्धांताची एक मोठी गुरुपरंपरा आपल्या याच टापूत वाढली. तिला मत्तमयूर परंपरा म्हणतात. सुरवायाबरोबर रन्नोद, तेरही आणि कदवाहा इथेही तिचे मठ होते, आणि चारही ठिकाणी अवशेष उभे आहेत. रन्नोदचा मठ गावकरी खोखई मठ म्हणून ओळखतात. तिथल्या शिलालेखात गुरूंची सगळी माळ दिली आहे. त्यात अवंतिवर्मा नावाच्या राजाची हकीकत आहे. त्याला शैव दीक्षा हवी होती, म्हणून त्याने पुरंदर नावाच्या आचार्याला आग्रहाने आपल्या राज्यात आणलं आणि दक्षिणा म्हणून राज्यातलं सारसर्वस्व दिलं. पुरंदराने मत्तमयूर नगरात एक मठ स्थापला आणि रणिपद्र, म्हणजे रन्नोद, इथे दुसरा. पुढे व्योमशिव या आचार्याने रन्नोदच्या जागेचा जीर्णोद्धार केला आणि मोठं तळं बांधलं. इथेही पाणी आलंच.

नंतर या आचार्यांना दूरदूरचे राजे बोलावून नेऊ लागले. कलचुरी राजा युवराजदेव याने प्रभावशिवांना आपल्या मुलखात नेलं आणि मोठा खर्च करून त्यांच्यासाठी मठ बांधला. आणि आता जे सांगते ते मला स्वतःला फार जवळचं आहे. सिंधुदुर्गातल्या खारेपाटणला शिलाहार राजा रट्टराज याचे ताम्रपट सापडले आहेत, शके ९३० चे, म्हणजे इ.स. १००८ चे. त्यांतल्या दानात मत्तमयूर परंपरेच्या एका शाखेचा उल्लेख आहे, तिचं नाव कर्करोणी. माझ्या माहेरचं मूळ गाव राजापूर तालुक्यात, खारेपाटणपासून हाकेच्या अंतरावर. आमचे पूर्वज शिंद्यांच्या चाकरीत कोकणातून निघून ग्वाल्हेरला आले, हे घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं, आणि इतक्या लांब परक्या मुलखात येऊन राहिल्याचं आजीला अखेरपर्यंत अप्रूप आणि दुःख दोन्ही होतं. तिला कुणी हे सांगितलं असतं की शिंद्यांच्या कितीतरी शतकं आधी या मातीतली गुरुपरंपरा तिच्या गावाच्या वेशीपर्यंत पोचली होती, तर तिला बरं वाटलं असतं. मी ते भावाला मठाच्या ओसरीत बसून सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "हे तू मुलांना लिहून ठेव."

ओसरीत बसायचं म्हणजे खरंच बसायचं, ही माझी कळकळीची सूचना. एक सतरंजी बरोबर न्या. वरच्या मजल्यावरही जाता येतं. चौकीदाराने मला हाताने दिशा दाखवत सांगितलं, "माताजी, ऊपर जाइये, पर किनारे से दूर रहिये." दगडी जिना अरुंद आहे आणि उजेड कमी, तेव्हा गुडघे दुखणाऱ्यांनी कुणाचा तरी आधार घेऊनच चढावं. वहिनी खालीच बसल्या आणि त्यांना त्याची खंत वाटली नाही. वरून अंगण, देवळं, बावडी, तट आणि तटापलीकडचं शेत एका नजरेत येतं. खालून सुटे वाटलेले भाग वरून एकमेकांशी जुळतात: देव कुठे, माणसं कुठे, पाणी कुठे, आणि त्यांच्यातल्या पायवाटा किती आखूड. महामार्ग जवळ असल्याने ट्रकचा आवाज अधूनमधून येतो. अंगणात उतरलं की तो बराच कमी होतो आणि पोपटांचा कलकलाट तेवढा राहतो.

माझी भाची लीड्सला असते. तिने मला इंग्लंडातल्या यॉर्कशरमधलं फाउंटन्स ॲबी, म्हणजे एक जुना ख्रिस्ती मठ, दाखवलं होतं, आणि सुरवायाला मला ते सारखं आठवत होतं. ११३२ साली यॉर्कच्या एका सुखवस्तू मठातून तेरा साधू जास्त कडक, जास्त साधं जगता यावं म्हणून बाहेर पडले आणि ओढ्याकाठच्या ओसाड दरीत राहिले. पुढे लोकरीच्या व्यापारावर तोच मठ फार श्रीमंत झाला, आणि १५३९ मध्ये आठव्या हेन्रीच्या हुकमाने बंद झाला. आज तिथे छपराविना भिंती आणि हिरवळ आहे, आणि शांतता सुरवायासारखीच. तिथे मला मनापासून आवडली ती एक गोष्ट म्हणजे प्रत्येक जागेची ओळख करून दिलेली आहे. इथे साधू जेवत, इथे आजाऱ्यांना ठेवत, ही कामकरी बंधूंची जागा, आणि ही शेकोटीची खोली, कडाक्याच्या थंडीत हातपाय शेकायला यायची. ती शेकोटीची खोली बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. इतक्या कडक नियमाच्या घरातही कुणीतरी गारठलेल्या पोरांचा विचार केला होता.

सुरवायाला अशी ओळख करून देणारं काही नाही. काळ सांगणारी, वास्तू संरक्षित असल्याचं सांगणारी माहिती आहे, पण घर समजावणारी नाही. अंगणाचा नकाशा, खालच्या-वरच्या मजल्यांची आखणी, रन्नोद आणि कदवाहाची वाट, खारेपाटणपर्यंत गेलेल्या शाखेचा नकाशा, एवढं हिंदीत आणि इंग्रजीत दारापाशी लावलं तर किती फरक पडेल. येणारी बहुतेक मंडळी देवळांचे फोटो काढून, मठात डोकावून, "रिकामं आहे" म्हणून परत फिरतात. मी तिथे असताना एक कुटुंब असंच परत निघालं होतं. त्यांच्या मुलीला मी अंगणाची गंमत सांगितली तर ती पोर बापाला ओढत पुन्हा आत घेऊन गेली. लोकांना बघायचं असतं, फक्त कुणी दाखवावं लागतं.

दुसरी वाईट वाटणारी गोष्ट म्हणजे खांबांवर कोरलेली नावं. बदाम आणि बाण. दगड हजार वर्षं टिकला तो यासाठी नाही. मुलांना घेऊन जाल तेव्हा हे आधीच बजावून ठेवा. आणि रीलसाठी गाणी लावून नाचणारी पोरं आली तर त्यांना शांतपणे सांगा, बहुतेक ऐकतात. आमच्या समोर दोघांनी ऐकलं आणि गाणं बंद करून उलट आमचाच ग्रुप फोटो काढून दिला.

या वास्तू आज उभ्या दिसतात त्यामागे एका मराठी माणसाचे कष्ट आहेत आणि ते आपल्या घरांत माहीत असायला हवेत. ग्वाल्हेर संस्थानाचं पुरातत्त्व खातं १९१३ साली सुरू झालं आणि मोरेश्वर बळवंत गर्दे त्याचे प्रमुख होते. बाघच्या लेण्यांपासून पवायाच्या उत्खननापर्यंत त्यांनी केलेलं काम थक्क करणारं आहे, आणि सुरवायाच्या अवशेषांची साफसफाई आणि डागडुजीही त्यांच्याच खात्याने हाती घेतली. मोटारी नव्हत्या असं नाही, पण त्या रानातून हे गाव गाठणं, झाडझाडोरा काढणं, पडलेला दगड ओळखून त्याच्या जागी बसवणं, याला काय चिकाटी लागली असेल. लश्करातल्या आपल्या संस्थांमध्ये गर्द्यांचं नाव मी क्वचितच ऐकलं. त्यांच्या कामाची एक सहल दरवर्षी काढावी, मराठी शाळकरी मुलांना घेऊन, असं मला फार वाटतं.

आता सोयींचं. जेवण घरून न्या. आम्ही दशम्या, लसणाची चटणी, मेतकूट-भात आणि संत्री नेली होती, आणि गढीबाहेर झाडाखाली बसून जेवलो. सांडलेलं सगळं पिशवीत भरून परत आणलं, तुम्हीही आणा. पिण्याचं पाणी भरपूर घ्या. बायकांनी स्वच्छतागृहाची सोय शिवपुरीतच करून निघावं, हे मी वसतिगृहाच्या सहली नेल्याच्या अनुभवाने सांगते. बूट मऊ तळव्याचे घाला. उन्हाळ्यात जाऊ नका, दगड तापतो आणि अंगणात उभं राहवत नाही. पावसाळा संपल्यावर, दसऱ्यापासून होळीपर्यंतचा काळ उत्तम. बावडीत पाणी आणि भोवती हिरवं बघायचं असेल तर दसरा-दिवाळीच्या आसपास जा. चौकीदाराशी दोन शब्द बोला. तो रोज तिथे असतो, कुठल्या वेळी ऊन कुठल्या ओसरीत येतं ते त्याला कोणाहीपेक्षा चांगलं ठाऊक आहे, आणि आम्हाला देवळाच्या छताखाली कोणत्या बाजूला उभं राहायचं ते त्यानेच दाखवलं.

एका दिवसात सुरवाया आणि छत्र्या आरामात होतात. त्याच दिवशी रन्नोद आणि कदवाहा कोंबू नका. कदवाहाला मठाशिवाय देवळांचा मोठा समूह आहे, त्याला स्वतंत्र दिवस आणि शिवपुरीचा मुक्काम हवा. माझ्या भावाने ते आता मनावर घेतलं आहे.

घरी परतल्यावर मुलांची उत्सुकता टिकलेली असेल तर ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी गुजरी महालात जा. या आसपासच्या जागांहून आणलेली शिल्पं आणि शिलालेख तिथल्या संग्रहालयात आहेत, पवायाचा मणिभद्र यक्षही तिथेच आहे. सोमवारी ते बंद असतं.